रेडिएटर आणि अलंकार

थंड देशांतील घरांत भिंतीलगत उभें असलेलें ‘रेडिएटर’ नांवाचें उपकरण हल्लीं शोभेच्या नाना आकारांत विकलें जातें. ही शोभा अगदीं नवी कल्पना होय, असा सामान्य समज आहे. इतिहासाचा दाखला याच्या उलट आहे.

एका भट्टीनें अनेक खोल्या तापविण्याची युक्ति रोमन लोकांस ठाऊक होती; परंतु ते तप्त वायु फरशीखालून खेळवीत. कढत पाणी बारीक नळ्यांतून घरभर फिरविण्याचें पेटंट एंजियर मार्च पर्किन्स यानें १८३१ सालीं घेतलें. भिंतीलगतच्या स्वतंत्र लोखंडी रेडिएटराचें श्रेय बहुधा सेंट पीटर्सबर्ग येथील फ्रान्झ सान गाली यास देतात. त्याचा काळ १८५५ ते १८५७. अमेरिकेंतील नेसन व ब्रिग्ज यांचें पेटंट १८६३ चें. तेव्हां ‘पहिला कोण’ याचें उत्तर ‘कशाचा पहिला’ हें ठरविल्यावांचून देतां येत नाहीं.

अलंकाराचा उगम मात्र स्पष्ट आहे. १८७० नंतर ओतीव लोखंडाचे रेडिएटर प्रचारांत आले. सांच्यांत एकदां वेलबुट्टी कोरली कीं ती प्रत्येक नगावर आपोआप उमटे. त्यामुळें शतकाच्या अखेरीस दिवाणखान्यांतून नक्षीदार रेडिएटर मिरवूं लागले. पुढें नक्षींत धूळ सांचते म्हणून आरोग्यवादी लोकांनीं साध्या, गुळगुळीत घाटाचा पुरस्कार केला. आजची शोभा ही त्या जुन्या हौसेचीच पुनरावृत्ति होय.

नांवही थोडें फसवें आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ किरण. परंतु बहुतेक रेडिएटरांची पुष्कळशी उष्णता किरणांनीं नव्हे, तर तापून वर चढणाऱ्या हवेनें खोलीभर पसरते. म्हणून रूप पाहण्यापूर्वीं पृष्ठभाग पाहावा. युरोपीय मानकाप्रमाणें रेडिएटराची शक्ति, आंतील पाण्याचें सरासरी तापमान खोलीहून ५० अंशांनीं अधिक धरून सांगितलेली असते. हीट पंपाच्या कोमट पाण्यानें तें अंतर ३० अंशांवर आलें, तर तोच रेडिएटर जेमतेम निम्मी उष्णता देतो. हें न पाहतां केवळ सडपातळ, देखणा नग बसविणारा गृहस्थ ऐन हिंवाळ्यांत कुडकुडतो.

सारांश, अलंकार निषिद्ध नाहीं. तो उष्णतेच्या हिशेबानंतर यावा, एवढेंच. इत्यलम्.