एका मुलीसाठी शाळा

माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक मुलगी होती. तिला दिसत नसे आणि ऐकूही येत नसे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आळीभर फटाके कडाडत, पणत्या उजळत. त्यांतले तिच्यापर्यंत काहीच पोचत नसे. पण आजीचा उटण्याचा हात अंगावरून फिरला, की ती खुदकन हसे. तिला शाळा मात्र मिळाली नाही. अंधांच्या शाळेत ऐकवून शिकवीत, बहिऱ्यांच्या शाळेत दाखवून. मग एकट्या मुलीसाठी तिसरी शाळा कोण काढणार?

हा हिशेब जुनाच. बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेने तो मोडून दाखविला. न्यू इंग्लंडमधील शेजारची राज्ये आपली अंध मुले तेथे धाडीत व खर्चाचा वाटा उचलीत. १८३७ साली न्यू हॅम्पशायरमधून लॉरा ब्रिजमन ही सात वर्षांची अंध-बधिर मुलगी तेथे आली. डॉक्टर सॅम्युअल हाउ यांनी चमचा, सुरी, किल्ली अशा वस्तूंना उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटविल्या आणि वस्तू व तिचे नाव यांची गाठ तिच्या बोटांना घालून दिली.

पुढे त्याच शाळेत ॲन सलिव्हन शिकली. लॉराशी बोलता यावे म्हणून तिने बोटांची लिपी आत्मसात केली आणि १८८७ साली ती विद्या घेऊन अलाबामात हेलन केलरच्या घरी गेली. तिने नेलेल्या बाहुलीचे कपडे लॉराने शिवले होते! एकीवर केलेला खर्च असा दुसरीच्या कामी आला.

१९६४-६५ साली अमेरिकेत जर्मन गोवराची मोठी साथ आली. सुमारे २०,००० बालके जन्मतःच तिचे घाव घेऊन आली. त्यांतील अंध-बधिर मुले गावोगाव विखुरलेली. एकेका राज्याला त्यांची शाळा झेपेना. तेव्हा १९६८ च्या आरंभी झालेल्या कायद्याने अनेक राज्यांत मिळून प्रादेशिक केंद्रे उभारण्याची तजवीज केली.

हेलन केलर १९५५ साली भारतात येऊन गेल्या. त्यांच्या नावाची बधिर व अंध-बधिरांसाठीची संस्था मुंबईत १९७७ साली बेरोझ वाच्छा यांच्या पुढाकाराने निघाली. आमच्या आळीतली ती मुलगी तोवर प्रौढ झाली होती.

अशी मुले थोडी असतात, म्हणूनच ती मोजदादीतून निसटतात. एका गावाला जे जमत नाही, ते दहा गावांना मिळून जमते. उटण्याच्या हाताला हसणाऱ्या त्या मुलीला शिकविणे अशक्य नव्हते. आम्ही फक्त तिला एकटीच मोजले.