कर्वे यांचे जपान : पुस्तिका आणि प्रवास

सोव्हिएत साह्याने उभारलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्याला, परदेशाकडून काय आणि कसे घ्यावे, हा प्रश्न नवा नाही. १९५९ मध्ये येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली, ती नकाशाबरहुकूम. शिक्षणसंस्था मात्र नकाशावरून उभी राहत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी जपानकडून जे घेतले, त्याचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

प्रवासी आधी जातो व ग्रंथ मागाहून येतो, हा नेहमीचा क्रम. कर्वे यांच्या बाबतीत तो उलटा झाला. तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक इंग्रजी पुस्तिका त्यांच्या हाती आली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्वतंत्र महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये हिंगणे येथे पाच विद्यार्थिनींनिशी ती प्रत्यक्षात आणली. जपानी कल्पना इंग्रजीतून आली खरी. परंतु उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यावे, हेच तिचे मराठी फलित ठरले.

तथापि, ह्या रूपांतरात काही निसटलेही. जपानी संस्थेचे संस्थापक नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये जे सूत्र घालून दिले, त्यात स्त्रीला प्रथम व्यक्ती म्हणून, नंतर स्त्री म्हणून आणि मग राष्ट्राची घटक म्हणून शिकवावयाचे होते. कर्वे यांच्या मांडणीत गृहिणी व माता ह्या भूमिकांचे वेगळेपण अधिक ठळक झाले. पहिले पद किंचित मागे सरले. दोष केवळ घेणाऱ्याचा म्हणता येणार नाही. सुगृहिणी व सुमाता हा तत्कालीन जपानी शासनाचाही आदर्श होता.

साम्य आढळते ते धाडसात. दोन्ही संस्थांनी राजमान्यतेची वाट न पाहता विद्यापीठ हे नाव धारण केले. कायद्याने ते पद जपानी संस्थेस १९४८ मध्ये आणि आपल्या संस्थेस १९५१ मध्ये लाभले.

१९२९-३० च्या जगप्रवासात, सत्तरी ओलांडलेले कर्वे अखेरीस तोक्योस गेले व ते विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. नारुसे १९१९ मध्येच निवर्तले होते. ज्याचे ऋण घेतले, त्याची भेट राहून गेली. परंतु दाखविण्याजोगे काही घेऊनच कर्वे तेथे गेले होते.