जैव डीझेल

वनस्पती तेल अथवा प्राणिज चरबी यांची अल्कोहॉलाबरोबर विक्रिया करून मिळणारे आणि डीझेल एंजिनात खनिज डीझेलाऐवजी किंवा त्यात मिसळून वापरता येणारे इंधन. रासायनिक दृष्ट्या ते वसाम्लांच्या मिथिल वा एथिल एस्टरांचे मिश्रण असते. नुसत्या गाळलेल्या तेलास जैव डीझेल म्हणत नाहीत. तथापि दोहोंचा इतिहास एकमेकांत गुंतलेला असल्याने येथे त्यांचा एकत्र विचार केला आहे. खनिज तेलाचे शुद्धीकरण घरी करणे शक्य नसते. जैव डीझेल मात्र साध्या पिंपात व बादलीत बनविता येते. त्यामुळे त्याच्या इतिहासात कारखाने व शासकीय धोरणे यांच्याबरोबरच शेतकरी, एंजिनदुरुस्ती करणारे कारागीर आणि हौशी प्रयोगकर्ते यांनाही स्थान आहे.

प्रारंभ : तेल जाळून प्रकाश मिळविणे ही जुनीच गोष्ट आहे. कोकण किनाऱ्यावर उंडीच्या बियांचे कडू तेल दिव्यासाठी वापरीत, तर देशात अन्यत्र करंज व एरंड यांची तेले त्या कामी येत. तेलापासून यांत्रिक शक्ती मिळविण्याचा मार्ग रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) यांच्या एंजिनामुळे खुला झाला. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्क येथे या एंजिनाची अधिकृत चाचणी झाली, तेव्हा त्याची कार्यक्षमता सु. २६% भरली. त्या काळच्या सामान्य वाफ एंजिनांची कार्यक्षमता याच्या निम्म्याहूनही कमी असे.

डीझेल यांनी आपले एंजिन भुईमुगाच्या तेलासाठीच बनविले होते, असे लोकप्रिय लेखनात सर्रास आढळते. ते बरोबर नाही. त्यांची सुरुवातीची एंजिने खनिज तेलावरच चालविली गेली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डीझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले व तेही फ्रेंच शासनाच्या सूचनेवरून. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग विपुल पिकत असल्याने कोळसा व खनिज तेल बाहेरून न नेता तेथील यंत्रे तेथल्याच तेलावर चालवावीत, हा त्यामागील हेतू होता. एंजिनात कोणताही बदल केलेला नसल्याने फारच थोड्या प्रेक्षकांच्या ही गोष्ट ध्यानात आली. डीझेल यांनी स्वतः हा वृत्तांत १९१२ मध्ये सांगितला आहे. वनस्पती तेलांचा वापर आज क्षुल्लक वाटला, तरी पुढेमागे ती खनिज तेलाइतकी महत्त्वाची ठरतील, असे मतही त्यांनी तेव्हा मांडले.

त्यांचे हे भाकीत दीर्घकाळ खरे ठरले नाही, याचे कारण केवळ खनिज तेलाचा स्वस्तपणा हे नव्हे. एंजिनच हळूहळू त्या इंधनाला अनुरूप बनत गेले. १९२७ मध्ये बॉश कंपनीने इंधन अंतःक्षेपण पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केल्यावर डीझेल एंजिन आटोपशीर होऊन मालमोटारींत बसविता येऊ लागले. परंतु या पंपाची सूक्ष्म छिद्रे पातळ डीझेलासाठी आखलेली होती. वनस्पती तेलाची श्यानता (दाटपणा) ४०° से. तापमानास डीझेलाच्या सु. दहापट असते. असे तेल बारीक तुषारांच्या रूपात फवारले जात नाही, अर्धवट जळते व त्याचा कार्बन फवारणीच्या तोटीवर आणि दट्ट्याच्या कड्यांवर साचतो. म्हणजे एंजिन तेलासारखे करावे किंवा तेल एंजिनासारखे करावे, असे दोनच मार्ग उरले.

यांपैकी दुसरा मार्ग बेल्जियममध्ये सापडला. ब्रूसेल्स विद्यापीठातील जी. शाव्हान यांना ३१ ऑगस्ट १९३७ रोजी वनस्पती तेलांचे इंधनात रूपांतर करण्याच्या कृतीचे एकस्व (पेटंट) मिळाले. पाम तेलाची एथिल अल्कोहॉलाबरोबर विक्रिया करून त्यातील ग्लिसरीन वेगळे काढावयाचे, ही ती कृती होय. ही विक्रिया रसायनशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक होती. तिचा इंधनासाठी उपयोग मात्र नवा होता. १९३८ च्या उन्हाळ्यात ब्रूसेल्स व लूव्हाँ या शहरांदरम्यान एक प्रवासी बस या इंधनावर धावली. हे पाम तेल बेल्जियमच्या आफ्रिकेतील काँगो या वसाहतीशी निगडित होते. फ्रान्सप्रमाणेच येथेही वसाहतीच्या सोयीचा विचार या संशोधनामागे होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धात टंचाईमुळे अनेक देश या इंधनाकडे वळले. चीनमध्ये टुंग तेलाचे उष्णतेने भंजन करून पेट्रोल व डीझेल यांसारखी इंधने बनविण्यात आली. भारतातील वनस्पती तेलांच्या डीझेल एंजिनांतील वापराविषयीचे संशोधन १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. याच सुमारास आपल्याकडे कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या बसगाड्या रस्त्यांवर दिसत. युद्ध संपून खनिज तेल पुन्हा मुबलक मिळू लागताच हे सर्व प्रयत्न मागे पडले.

पुनरुज्जीवन : १९७३ व १९७९ मधील तेलसंकटांनी हा विषय पुन्हा पुढे आणला. दक्षिण आफ्रिकेवर वर्णभेदाच्या धोरणामुळे तेलबंदी लादलेली होती. तेथील कृषी अभियंत्यांनी सूर्यफुलाच्या तेलाचे एस्टर ट्रॅक्टरांत वापरून त्यामुळे कार्बन साचण्याचा दोष बहुतांशी दूर होतो, असे दाखवून दिले. ब्राझीलमध्ये एक्स्पेदितो पारेंते यांनी १९८० साली एकस्वासाठी अर्ज केला. ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकेतील फार्गो (नॉर्थ डकोटा) येथे वनस्पती तेल इंधनांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ऑस्ट्रियात मोहरीवर्गीय रेपच्या तेलापासून १९८७ मध्ये प्रायोगिक व १९८९ मध्ये औद्योगिक प्रमाणावर निर्मिती सुरू झाली. १९९१ मध्ये त्या देशाने या इंधनाचे प्रमाणकही ठरविले.

घरगुती निर्मिती : १९९० नंतर प्रथम अमेरिकेत व पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इ. देशांत हॉटेलांतील तळणीचे टाकाऊ तेल घेऊन घरच्या घरी इंधन बनविणाऱ्यांचा एक वर्गच निर्माण झाला. पाणी तापविण्याच्या जुन्या विद्युत् बंबाला पंप व नळ्या जोडून केलेले विक्रियापात्र या मंडळींत विशेष प्रचलित झाले. मूळ कृती सोपी आहे. तेल गाळून व तापवून त्यातील पाणी घालवितात. १ लि. तेलास सु. २०० मिलि. मिथिल अल्कोहॉल (मिथेनॉल) घेऊन त्यात ताज्या तेलासाठी सु. ३·५ ग्रॅ. दाहक सोडा विरघळवितात. हे मिश्रण सु. ५५° से. तापमानाच्या तेलात घालून तास-दोन तास ढवळतात. नंतर ते स्थिर ठेवले म्हणजे गडद रंगाचे ग्लिसरीन तळाशी बसते व वर फिकट पिवळा एस्टर राहतो. तो पाण्याने धुऊन व सुकवून वापरतात.

खरी अडचण तेलाच्या प्रतीत असते. वारंवार तापलेल्या तेलात मुक्त वसाम्ले वाढलेली असतात. ती सोड्याशी संयोग पावून साबण बनवितात. पाणी राहून गेले असल्यास साबणाचे प्रमाण आणखी वाढते व सगळे मिश्रण खिरीसारखे दाटून फुकट जाते. म्हणून प्रत्येक खेपेस थोड्या तेलाचे अनुमापन करून सोड्याचे प्रमाण ठरवावे लागते. यासाठी फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक वापरतात. काही हौशी मंडळी हळदीच्या अर्कावरही काम भागवितात. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते, हा कुंकू बनविण्यातील गुणधर्मच येथे उपयोगी पडतो. विक्रिया पुरी झाली की नाही हे पाहण्यासाठी ३ मिलि. इंधन २७ मिलि. मिथेनॉलात हलवितात. तळाशी तेल बसल्यास विक्रिया अपुरी राहिली, असे समजतात.

या कृतीचे सोपेपण फसवे आहे. मिथेनॉल हे विष असून ते थोडेसे पोटात गेले, तरी दृष्टी जाते वा मृत्यू ओढवतो. त्याची वाफ व त्वचेवाटे होणारे शोषणही घातक असते. ते चटकन पेट घेते आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. ते ६५° से. तापमानास उकळत असल्याने उघड्या भांड्यात किंवा जाळाजवळ ही विक्रिया करणे म्हणजे आगीस आमंत्रणच होय. विषारी दारूच्या दुर्घटनांमुळे भारतात त्याच्या विक्रीवर निर्बंध आहेत. शिवाय मिथेनॉल मुख्यतः नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून तयार होते. त्यामुळे घरी बनविलेले इंधनही सर्वस्वी स्वावलंबी असते असे म्हणता येत नाही. उसाच्या मळीपासून मिळणारे एथिल अल्कोहॉल वापरता येते. पण ते पूर्णपणे निर्जल असावे लागते व ग्लिसरीन वेगळे होणेही अवघड जाते.

तयार इंधनाची श्यानता डीझेलाच्या जवळपास येते. त्यात गंधक जवळजवळ नसते, त्याचे वंगणगुण चांगले असतात व त्याचा प्रज्वलनांक १००° से. च्या वर असल्याने साठवण अधिक सुरक्षित असते. उलट, ते जुन्या रबरी नळ्या फुगवते, टाकीतील जुना गाळ सुटा करून गाळण्या तुंबविते आणि थंडीत गोठू लागते.

इंधनाची काटकसर : लिटरमागे जैव डीझेलातून डीझेलापेक्षा ८ ते ९ टक्के ऊर्जा कमी मिळते. त्याच्या निर्मितीचा विचार वापरातील काटकसरीपासून वेगळा करता येत नाही, हे साध्या हिशेबाने कळते. भारतात माणशी वर्षाला सु. २० किग्रॅ. खाद्यतेल लागते. चार माणसांच्या कुटुंबात ते फार तर ९० लि. होते व त्यातील बहुतेक पोटात जाते. लिटरला १५ किमी. जाणारी मोटारगाडी वर्षाला १२,००० किमी. चालविली, तर तिला ८०० लि. इंधन लागते. म्हणजे घरचे सगळे उरलेले तेल गोळा केले, तरी तिचा एक महिनाही भागत नाही. घरगुती उत्पादक हा अशा रीतीने दुसऱ्यांच्या टाकाऊ तेलावर अवलंबून असतो. अशा उत्पादकांची संख्या वाढताच पूर्वी फुकट मिळणाऱ्या तेलाला भाव आला व अमेरिकेत हॉटेलांमागच्या पिंपांतून त्याच्या चोऱ्याही होऊ लागल्या.

तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ मध्ये महामार्गांवरील कमाल वेग ताशी ५५ मैलांवर (सु. ८८ किमी.) आणला; तो निर्बंध १९९५ मध्ये पूर्णपणे उठला. भारतात १९७८ मध्ये पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना स्थापन झाली. मध्यम व एकसारखा वेग, टायरांतील योग्य दाब, स्वच्छ हवागाळणी, सिग्नलपाशी एंजिन बंद करणे या तिने प्रचारात आणलेल्या गोष्टी परिचित आहेत. शेतीपंपांबाबतचा अनुभव याहून बोलका आहे. अरुंद नळ, अनावश्यक बाक, तळाशी बसविलेली जड झडप व गरजेपेक्षा मोठे एंजिन यांमुळे पाणी उपसण्यास लागणाऱ्या डीझेलाचा मोठा भाग वाया जातो. एंजिनाला हात न लावता केवळ नळ व झडप बदलून तो वाचविता येतो.

शासन आणि जैव डीझेल : करमुक्त इंधन घरी बनणे कोणत्याही खजिन्याला परवडत नाही. २००२ मध्ये वेल्समधील लानेली भागात उत्पादन शुल्क न भरता स्वयंपाकाच्या तेलावर मोटारी चालविणाऱ्यांवर कारवाई झाली. तळणीच्या वासावरून ते पकडले जात, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांतून गमतीने लिहिले जाई. पुढे २००७ मध्ये ब्रिटनने वर्षाला २,५०० लि. पर्यंतच्या उत्पादनास शुल्कातून सूट दिली.

मोठ्या प्रमाणावरील वापराचे परिणाम वेगळे झाले. यूरोपीय संघाने २००३ मध्ये, वाहतुकीच्या इंधनांत २०१० पर्यंत ५·७५% जैव इंधने असावीत, असे उद्दिष्ट ठरविले. त्यामुळे मागणी वाढली व पाम लागवडीसाठी आग्नेय आशियातील जंगले तोडली जात असल्याचा आक्षेप पुढे आला. २००७-०८ मध्ये जगभर धान्याचे भाव कडाडले, तेव्हा पोटासाठीचे तेल एंजिनास घालावे काय, हा प्रश्न तीव्र बनला.

भारतात खाद्यतेलाची आयात करावी लागत असल्याने अखाद्य तेलांवर भर देण्यात आला. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली–अमृतसर शताब्दी गाडी ५% जैव डीझेलाच्या मिश्रणावर चालविण्यात आली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या लागवडीची योजना मांडली. २०% मिश्रणासाठी सु. १ कोटी १२ लक्ष हे. जमीन तिने गृहीत धरली होती. ही वनस्पती पडीक जमिनीत, पाण्यावाचून भरपूर पीक देईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती जगते, पण पाणी व खत यांवाचून बी फारसे देत नाही, असे दिसून आले. कागदोपत्री पडीक ठरलेल्या जमिनींपैकी पुष्कळ जमिनी गावाची गायराने होती. हिचे बी विषारी असल्याने पेंड गुरांना चालत नाही. २००६ पासून खरेदीसाठी लिटरला २६·५० रु. हा दर ठरविण्यात आला. तो उत्पादनखर्चाहून कमी होता. २००९ च्या धोरणातील २०१७ पर्यंत २०% मिश्रणाचे उद्दिष्ट कागदावरच राहिले. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणातच जैव डीझेलाचे मिश्रण ०·१ टक्क्याहूनही कमी असल्याचे नमूद केले आहे.

याच काळातील दोन लहान प्रयोग या मोठ्या योजनेशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उडुपी श्रीनिवास यांच्या पुढाकाराने कर्नाटकातील कग्गनहळ्ळी येथे करंजाच्या तेलावर विद्युत् जनित्रे चालवून शेतीला पाणी देण्यात आले. करंज बांधावर व रस्त्याकडेला पूर्वीपासून होतेच; त्यासाठी वेगळी जमीन लागली नाही. ओडिशातील गजपती जिल्ह्यात किंचलिंगी या आदिवासी गावात २००४ पासून मोह, करंज व कारळा यांच्या तेलापासून पायाने फिरवावयाच्या यंत्रावर जैव डीझेल बनविण्यात आले. एका खेपेस काही लिटरच इंधन निघे व ते पिण्याचे पाणी चढविणाऱ्या पंपासाठी वापरीत. पेंड शेतातच खत म्हणून पडे.

२०१८ च्या धोरणाने २०३० पर्यंत ५% मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवून टाकाऊ खाद्यतेलाकडे लक्ष वळविले. त्याच वर्षी १ जुलैपासून, ज्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाले आहे ते खाद्यपदार्थांसाठी वापरण्यास भारतीय अन्नसुरक्षा व मानक प्राधिकरणाने मनाई केली. असे तेल गोळा करून जैव डीझेलाकडे वळविण्याची योजनाही या प्राधिकरणाने आखली. मोठ्या उपाहारगृहांतून ते मिळविणे त्यामानाने सोपे असते. हातगाडीवरचा भजीवाला मात्र कढईतील तेल संपेपर्यंत त्यातच नवे तेल घालीत राहतो व त्याच्याकडे टाकण्याजोगे तेल बहुधा उरतच नाही.