दांड्याचा घसारा

आसनगावच्या आमच्या घराच्या माळ्यावर आजोबांची कुऱ्हाड सापडली. मी बँकेत कारकून, शिक्षण बी. कॉम. जुनी वस्तू दिसली की आमच्या डोक्यात आधी घसारा येतो. पण उतरत्या किमतीवर दरसाल टक्केवारीनं घसारा लावला, तर किंमत कधीच शून्य होत नाही. म्हटलं, कुऱ्हाड दुरुस्त करू.

आमच्याकडे कुऱ्हाडीलाही इतिहास आहे. आगगाडी १८५५ साली वाशिंदपर्यंत आली. पुढचे पाचसहा किलोमीटर आसनगावला यायला तिला १८६० उजाडलं. रूळ बसायचे लाकडी स्लीपरांवर. देशभर रूळ पसरले, तशी जंगलं आडवी झाली. मग सरकारला जाग आली. १८६४ साली वनखातं निघालं, १८६५ साली वनकायदा झाला, १८७८ साली त्याहून कडक झाला. म्हणजे लाकूड खाल्लं आगगाडीनं आणि संशय आला आमच्या वाडवडिलांच्या कुऱ्हाडीवर!

असो. किडका दांडा काढून बंबात घातला आणि गंजलेलं पातं विजेच्या ग्राइंडरवर धरलं. पातं चकाकलं, धार निळी झाली. मला तर तो रंग आवडलाही. लोहारमामा मात्र म्हणाले, "साहेब, पाणी उतरवलंत की हो!" तीनशे अंशांच्या आसपास पोलाद निळं पडतं आणि मऊ होतं. मामांनी पातं लाल करून पाण्यात बुडवलं. तसंच ठेवलं तर काचेसारखं तडकायचं, म्हणून पुन्हा हलकं शेकलं आणि सोनेरी झाक येताच थांबवलं. उतरलेलं पाणी परत चढतं, हे पाहून कारकुनालाही धीर आला.

"आता धामण आणा," मामा म्हणाले. मी दोन पावलं मागं सरकलो. धामण नावाचं चिवट लाकडाचं झाडही असतं, हे बी. कॉम.ला नव्हतं. राखीव जंगलात फांदी तोडणं गुन्हा, म्हणून बाजारातून तयार दांडा आणला.

घरी अण्णांना कुऱ्हाड दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली.

"जुना दांडा कुठाय रे?"

"बंबात घातला. किडका होता."

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबांच्या अंगठ्याचा खळगा होता त्यावर. लहानपणी मी त्यात माझा अंगठा बसवून बघायचो."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. आमच्याकडे गोतच दांड्याला काळ झालं.

हल्ली अण्णा रोज संध्याकाळी नव्या दांड्याला तेल चोळतात. अंगठा मात्र एकाच जागी फिरवतात. घसाऱ्यानं किंमत वाढते, हे मी पहिल्यांदाच पाहतोय.