परिचारिकेचा हात आणि रबरी हातमोजा

शस्त्रक्रियेच्या वेळीं वापरावयाचा रबरी हातमोजा रोग्याच्या रक्षणासाठीं निघाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास निराळें सांगतो. तो मोजा निघाला एका परिचारिकेचे हात वांचविण्यासाठीं.

इ. स. १८४७ मध्यें व्हिएन्ना येथें डॉ. सेमेलवाइस यांनीं प्रसूतिगृहांतील डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ती केली, आणि बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें कमी झाले. १८६७ सालीं लिस्टर यांनीं कार्बोलिक ॲसिडचा उपयोग जगापुढें मांडला. जंतूंचा पराभव होऊं लागला. परंतु जें द्रावण जंतूंना मारी, तें कातडीचीही गय करीत नसे.

अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं १८८९ सालीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलें. तेथील शस्त्रक्रियागृहाच्या मुख्य परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची कातडी मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणानें दाहून निघाली. तेव्हां शल्यविशारद डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांनीं गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबराच्या मोज्यांचे दोन जोड करवून घेतले. पुढें १८९९ मध्यें त्यांचे सहकारी डॉ. ब्लडगुड यांनीं अंतर्गळाच्या साडेचारशेंहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला. मोजे वापरल्यानें जखमा चिघळण्याचें प्रमाण फारच घटलें होतें. अशा रीतीनें सेविकेसाठीं निघालेला मोजा रोग्याचा रक्षक ठरला. आणि ज्या हातांसाठीं तो निघाला, ते मात्र विस्मृतींत गेले.

वऱ्हाडांतही या विद्येची परंपरा जुनी आहे. स्त्री डॉक्टर, परिचारिका व सुइणी तयार करण्याच्या हेतूनें १८८५ मध्यें लेडी डफरिन यांनीं निधि उभारला; अमरावतीचें स्त्री रुग्णालय लोकांच्या तोंडीं अद्याप ‘डफरिन’च आहे. अकोल्याच्या स्त्री रुग्णालयासही लेडी हार्डिंग यांचें नांव आहे. या दोन्ही जिल्ह्यांतून पूर्णाकांठचा खारपाणपट्टा जातो. तेथील विहिरींच्या पाण्यांत साबणाला नीट फेस येत नाहीं, म्हणून तो अधिक घासावा लागतो. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो व हवा कोरडी होते. अशा खेड्यांतून परिचर्या शिकण्यास आलेल्या मुलीला हात फुटणें ही नित्याचीच गोष्ट वाटली, तर नवल नाहीं. ती सांगत नाहीं, आणि दुखणें मात्र वाढतें.

वस्तुतः हें इसब साध्या कारणानें होतें. कातडीच्या वरच्या थरांतील स्नेह वारंवार साबण-पाण्यानें धुऊन जातो. आंतला ओलावा उडतो. बोटांच्या बेचक्यांत, अंगठीखालीं प्रथम खाज, मग लाली, मग चिरा. लहानपणीं इसब झालेल्यांना धोका अधिक. हें इसब संसर्गजन्य नाहीं; परंतु चिरांमध्यें जंतूंना आश्रय मिळतो, व झोंबेल म्हणून हात धुण्याचीच टाळाटाळ होते. म्हणजे सेविकेची व्यथा अखेर रोग्याच्या खाटेपर्यंत पोंचते.

मोजाही सर्वस्वी निर्दोष नाहीं. तासन् तास घातल्यास आंत घाम सांचतो. शिवाय नैसर्गिक रबराची ॲलर्जी होऊं शकते, तेव्हां नायट्राइलचे मोजे घ्यावे लागतात. भुकटी लावलेल्या मोज्यांवर तर अमेरिकेंत २०१७ सालीं बंदीच आली. २००९ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें, हात दिसण्यासारखे मळलेले नसतील तेव्हां साबणाऐवजीं अल्कोहोलयुक्त द्रावण चोळावें, असें सुचविलें. संघटनेच्या पाठांत ग्लिसरीनही आहे. तें कातडीला साबणाहून कमी बाधतें, परंतु चिरांना झोंबतें. म्हणून चिरा पडण्यापूर्वींच जपलें पाहिजे: पाणी फार कढत नसावें, बोटांमधील ओल टिपावी, स्निग्ध मलम लावावें, आणि पहिली लाली दिसतांच वरिष्ठांना सांगावें.

त्या वरिष्ठांचें कर्तव्य मात्र याहून मोठें आहे. बाल्टिमोरला परिचारिकेचे हात नाजूक म्हणून तिला दूर सारलें नाहीं, साधन बदललें. त्यांतूनच पुढें असंख्य रोग्यांचें रक्षण झालें. शिकाऊ मुलीच्या हातांवरील पहिली चीर हा तिचा दोष नव्हे, ती रुग्णालयाला मिळालेली सूचना होय.