तळटीप : उमी-शिबाउरा

१४. समुद्राला खेटलेले स्थानक : लेखकाने नाव दिलेले नाही, पण वर्णन योकोहामातील उमी-शिबाउराचेच आहे. त्सुरुमी मार्गाच्या एका फाट्याचे हे शेवटचे स्थानक १९४० साली सुरू झाले. खुद्द त्सुरुमी वगळता या मार्गावर कुठेच स्थानक-कर्मचारी नसतात. प्रवासी यंत्राला कार्ड टेकवून पुढे जातात. इथल्या फलाटाच्या एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला कठडा आणि कठड्याखाली थेट खारे पाणी. बाहेर जाण्याची एकमेव वाट तोशिबाच्या कारखान्यात उघडते आणि तिथे परवानगीशिवाय प्रवेश नाही. नुसते स्थानक पाहायला आलेल्याला फाटकातूनच मागे फिरावे लागते. अशांसाठी कंपनीने १९९५मध्ये आपल्याच जागेत, फलाटालगत एक चिंचोळी बाग केली. तिथून त्सुरुमी त्सुबासा पूल छान दिसतो. आगंतुकांची अशी कदर करणारा कारखाना विरळाच. हा मार्ग मुळात भराव घालून तयार केलेल्या जमिनीवरील कारखान्यांसाठी बांधला गेला, त्यामागे उद्योगपती आसानो सोइचिरो होते. वाटेतल्या आसानो स्थानकाला त्यांचेच नाव आहे. १९४३ साली हा मार्ग सरकारने ताब्यात घेतला. जाणाऱ्या वाचकाने परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी. दुपारी गाड्या फार कमी असतात.