खाणावळवालीचं कर्ज

मैत्रिणींनो, धंदा कसा सुरू करायचा, असं बैठकीत कुणी विचारलं की आम्ही आधी गिरणगावातल्या खाणावळींचा इतिहास सांगतो.

कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून माणसं मुंबईच्या कापडगिरण्यांत यायची ती बहुतेक एकटीच. बायकापोरं गावाला. लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपायचं आणि जेवायचं खाणावळीत. खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे हं! चाळीतलीच एखादी बाई आपल्या खोलीत परक्या माणसांचा स्वयंपाक रांधायची. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणजे हिची चूल पहाटेपासून रात्रीपर्यंत. पैसे मात्र पगार झाल्यावर. तोवर वाण्याकडून उधारी, तो सांगेल त्या भावानं. अडलं की सावकार, नाहीतर डाग गहाण. संपाच्या दिवसांत तर याच बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं. तरीही त्यांना कुणी उद्योजक म्हटलं नाही. म्हणत, घरचंच तर काम करते!

प्रेमाताई पुरव यांनी हे जवळून पाहिलं होतं. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या, पुढं मुंबईत कामगार चळवळीत आल्या. 1975 मध्ये 14 खाणावळवाल्यांना घेऊन त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. मोठ्या बँका 1969 मध्येच सरकारी झाल्या होत्या, पण या बायकांनी तारण काय ठेवायचं? खोली भाड्याची, तीही नवऱ्याच्या नावावर. मग बायकाच एकमेकींना जामीन राहिल्या. बँकेचं कर्ज मिळालं आणि धान्य रोखीनं भरता येऊ लागलं. जेवण तेच, मेहनत तीच, पण व्याजात जाणारा पैसा डब्यात राहू लागला. आमच्या मते खरा बदल एवढाच, आणि तो लहान नव्हे.

पुढं 1982 चा संप आला. गिऱ्हाईकच गावाकडं परतलं. नुसत्या गिरणी कामगारांवर विसंबून चालणार नव्हतं. मंडळानं स्वतःचं स्वयंपाकघर चालवलं, जेवणाच्या ऑर्डरी घेतल्या, वाशीला नोकरदार मुलींचं वसतिगृह काढलं. प्रेमाताईंच्या कन्या मेधाताईंनी 1993 मध्ये पुण्यात छोट्या कर्जांचं काम सुरू केलं.

आमच्या गटातल्या एकीनं परवा डब्यांचा हिशेब मांडला. तेल, पीठ, गॅस सगळं लिहिलेलं; स्वतःच्या मजुरीचा रकाना मात्र नव्हता. नव्या वह्यांत तो आम्ही छापूनच घेतोय.